घानाच्या पंतप्रधानांना पत्र

चौतीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि एकाहत्तराव्या वर्षी, आयर्लंडमधल्या कासलबार गावात, एका लाकडी कुंपणाशी उभी राहून त्याच विषयात नापास झाले. पेपर सोपा होता, घानाच्या राष्ट्राध्यक्षांचे अधिकार. मला शून्य मिळालं, आणि ते देणारी इतकी सभ्य होती की महिनाभर मला निकालच कळला नाही.

२०२०च्या फेब्रुवारीत मी लेकीकडे आले ती दोन महिन्यांसाठी. लेक इथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि सत्तरीपुढच्यांनी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. त्याला इथे 'कोकूनिंग' म्हणायचे, म्हणजे आम्ही कोशातले रेशमाचे किडे. पुढे सरकारनं ते सैल केलं, पण लेकीनं केलं नाही. ती कामावरून आली की तडक वरच्या खोलीत जायची आणि तिचं ताट मी जिन्यावर ठेवायचे. खाली मी आणि आठ वर्षांची नात. मी मराठीत बोलायचे, ती इथल्या मेयो परगण्याचा हेल काढत इंग्रजीत उत्तर द्यायची. माझा गुडघा धरला तरी "यू'र ग्रँड, आजी," आणि पोळी करपली तरी "इट्स ग्रँड, आजी." इथे 'ग्रँड' म्हणजे झकास. पोर दिलदार, पण तिच्या तपासणीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता.

मला मोकळीक होती ती फक्त मागच्या अंगणाची. तिथे छातीएवढं कुंपण होतं आणि पलीकडे घानाची शेजारीण. पंचेचाळिशीची, एकटी राहणारी. हॉस्पिटलात रुग्णांना अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं हे तिचं काम. मला ती 'ममा' म्हणायची. काहीही द्यायचं-घ्यायचं ते उजव्या हातानं. डावा चुकून पुढे आला की स्वतःच त्या हातावर चापट मारायची. तिथेच ती मला आवडली. मी तिला साबुदाण्याची खिचडी द्यायचे, ती मला पिकल्या केळ्यांचे आलं-मिरची लावून तळलेले तुकडे. एकीनं डबा कुंपणावर ठेवायचा आणि मागे सरायचं, मग दुसरीनं पुढे यायचं. लपंडाव खेळणाऱ्या दोन म्हाताऱ्या मांजरींसारख्या आम्ही.

मे महिन्यात एका सकाळी ती डब्याशिवाय आली.

"ममा, माझी आई गेली."

मी हात पुढे केला, पण तो कुंपणाच्या अलीकडेच राहिला. काही बोलायचं म्हणून मी आपल्याकडचं विचारून बसले, "कधी नेणार?"

"इतक्यात नाही. मी पोचेपर्यंत ठेवतील."

आपल्याकडे घरात प्रेत असलं की चूल पेटत नाही, संध्याकाळच्या आत सगळं उरकतं. त्यांच्याकडे तसं नसतं. माणूस गेलं की शवागारात ठेवतात, आठवडे, कधी महिनेही. दूरदूरचे नातेवाईक जमतात, एखादा शनिवार ठरतो, सगळे काळे-तांबडे कपडे घालून निरोप द्यायला येतात. आणि आईला शेवटची अंघोळ घालून सजवायचं काम होतं थोरल्या लेकीचं. थोरली लेक म्हणजे ही. घराचा निर्णय मामाच्या हातात असतो. मामानं सांगितलं होतं, आम्ही थांबतो, तू ये.

पण यायचं कसं? घानाचे विमानतळ मार्चपासून बंद होते, सरहद्दीही बंद होत्या.

"कुणी बंद केलं?"

"राष्ट्राध्यक्षांनी."

"उघडणार कधी?"

"ते सांगतील तेव्हा."

ते सांगायचे रविवारी. दर दोन-तीन आठवड्यांनी टीव्हीवर येऊन देशाशी बोलायचे. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आमचे नऊ, पण जूनमध्ये इथे नऊलाही चांगलं ऊन असतं. ती तिच्या मागच्या पायरीवर फोन घेऊन बसायची, मी अलीकडे खुर्ची टाकून. ते शांतपणे बोलायचे. तपासण्या किती झाल्या, शाळांचं काय, चर्चचं काय, अंत्यविधीला किती माणसं चालतील. ती यातलं काही ऐकत नसे. ती फक्त सरहद्दीच्या वाक्याची वाट बघायची. ते आलं की फोन पायरीवर पालथा ठेवायची.

"पुढच्या वेळी, ममा."

असं दोनदा झाल्यावर माझ्यातली बाई जागी झाली.

ही बाई कोण ते सांगायला हवं. तिशीतली मी. कांजी केलेली साडी, मानेवर अंबाडा, हातात लाल पेन, आणि चालणं असं की जणू राज्यघटना हिनंच रात्री बसून लिहिली आणि सकाळी डबा भरून शाळेत आली. तिचा आवडता धडा राष्ट्रपती. 'ते नामधारी प्रमुख. कारभार त्यांच्या नावानं चालतो, खरी सत्ता पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाकडे.' हे ती इतक्या ठसक्यात सांगायची की साक्षात राष्ट्रपती वर्गात येते तर शरमेनं मागच्या बाकावर बसते. आठवीतल्या एका मुलीनं उत्तरात लिहिलं होतं, 'फारच अडलं तर राष्ट्रपतींना जाऊन भेटावं.' बाईंनी ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग हसला, बाई सगळ्यात जास्त हसल्या. त्या मुलीचं काय अडलं होतं हे विचारायचं मात्र त्या शहाणीला सुचलं नाही.

तर ती शहाणी कुंपणाशी येऊन म्हणाली, "अगं, तू चुकीच्या दारात बसलीयेस. राष्ट्राध्यक्ष नुसते वाचून दाखवतात. त्यांच्या हातात काही नसतं. आमच्याकडे तसंच, इथे आयर्लंडमध्येही तसंच. गाडं हलतं ते पंतप्रधानांच्या कचेरीतून. आपण त्यांना लिहू."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "येस, ममा."

दुसऱ्या दिवशी ती कागद-पेन घेऊन आली. कुंपणाच्या अलीकडून मी सांगत होते, पलीकडे ती पाठीवर ऊन घेत लिहीत होती. रजेच्या अर्जाला वापरायचं ते सगळं ठेवणीतलं इंग्रजी मी बाहेर काढलं. 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन' काय, 'काइंडली डू द नीडफुल' काय! समास किती सोडायचा तेही सांगितलं. 'माननीय पंतप्रधान, घाना' या ओळीशी तिचं पेन थांबलं.

"लिही, लिही. अक्षर सुरेख आहे तुझं."

तिनं लिहिलं. आईचं वय, मामाचं वचन, थोरल्या लेकीचं काम, सगळं लिहिलं. सही करताना डोळे पुसले. पाकीट घेऊन ती आत गेली आणि मी नातीला सांगितलं, "आज आजीनं एक चांगलं काम केलं." नात म्हणाली, "ग्रँड."

जून संपता संपता, सुट्टीआधी, नातीला शाळेचं शेवटचं काम आलं. एक देश निवडून त्याचा तक्ता करायचा. शेजारची केळी आवडायची म्हणून तिनं घाना घेतला. झेंडा रंगवून झाला, कोकोची शेंग काढून झाली, आणि मग टॅबलेटवर वाचता वाचता ती म्हणाली, "आजी, दे हॅव नो प्राइम मिनिस्टर."

"नीट बघ."

"आय डिड."

मी चष्मा लावून बघितलं. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो, चार वर्षांसाठी, फार तर दोनदा. तोच राष्ट्रप्रमुख, तोच सरकारचा प्रमुख, तोच सैन्याचा. मंत्री तो नेमतो, कैद्याची शिक्षा माफ करू शकतो. निर्बंध घालण्याचा अधिकार तर त्याच मार्चमध्ये संसदेनं कायदा करून त्याच्या हाती दिला होता. पंतप्रधान फार पूर्वी असायचा. आता ते पदच नाही.

नात विचारत होती, "डिड यू नॉट टीच दिस?" मी तिला बिस्कीट दिलं आणि अंगणात गेले.

"तुला माहीत होतं?"

शेजारणीनं मान खाली घातली. "येस, ममा."

"मग मला गप्प का नाही केलंस?"

"आईच्या वयाच्या बाईला तू चुकलीस असं म्हणायचं? मी?" तिनं कानाला हात लावला. "आणि कुणीतरी माझ्यासाठी पत्र लिहीत होतं. ते मला थांबवायचं नव्हतं."

"टाकलंस का ते?"

"प्रेसमध्ये आहे. कपांच्या मागे." प्रेस म्हणजे इथलं स्वयंपाकघरातलं कपाट. मग मे महिन्यानंतर पहिल्यांदाच ती हसली. "ममा, पंतप्रधान असते ना, तर तुझ्या पत्रानं विरघळलेच असते."

मीही हसले. मग म्हटलं, "चल, आता राष्ट्राध्यक्षांना लिहू."

ती म्हणाली, "सगळेच त्यांना लिहितायत. सगळी दारं त्या एकाच माणसाची आहेत ना." पुढे म्हणाली, "आणि ते चुकतायत असंही मला म्हणता येत नाही. रोज वॉर्डात मी काय बघते?"

माझी लेक तीन-चार महिने जिन्यावरचं ताट उचलून एकटी जेवत होती ती कशासाठी, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आपल्याकडे निदान रागवायला दुसरं कुणी सापडतं. याचं चुकलं, त्याच्या कचेरीचं चुकलं. तिला तेवढीही सोय नव्हती. ज्याच्या हातात सगळं होतं त्याच्यावर ओरडावं, तर तिचंच मन त्याची बाजू घ्यायचं.

जुलै गेला. ऑगस्टमध्ये मामाचा फोन आला. शवागारात जागा उरली नव्हती, न्या म्हणून सारखे निरोप येत होते. आणि मामा स्वतः ऐंशीचा. तो म्हणाला, "पोरी, मी तीन महिने थांबलो. आता मलाच माझ्या बहिणीला पोचवू दे." येणारा शनिवार ठरला.

त्या शनिवारी सकाळी तिनं फोन खिडकीत उभा केला होता. खिडकी उघडी होती, म्हणून मला अंगणात सगळं ऐकू येत होतं. ती धाकट्या बहिणीला तिच्या भाषेत काहीतरी सांगत होती, सावकाश, एकेक गोष्ट. मला शब्द कळत नव्हते, पण तिचे हात दिसत होते. पाणी कोमट आहे ना बघ. मान धर. आधी हा हात, मग तो. बोटांच्या मधे पुस. ती हवेत अंघोळ घालत होती.

नंतर ती काळ्या-तांबड्या कपड्यात पायरीवर येऊन बसली. मी खिचडीचा डबा कुंपणावर ठेवून मागे सरले. ती उठली नाही.

"रोज आठ-दहा परक्या माणसांना अंघोळ घालते, ममा," ती म्हणाली. "आठ-दहा."

दोन आठवड्यांनी, ऑगस्ट संपताना, रविवारी राष्ट्राध्यक्ष पुन्हा टीव्हीवर आले. सवयीनं ती पायरीवर होती, सवयीनं मी खुर्चीवर. आणि ते म्हणाले की एक सप्टेंबरपासून विमानतळ उघडणार. मी, मूर्ख म्हातारी, टाळी वाजवून उठले. "उघडलं गं, उघडलं!" टाळी वाजल्यावर मला उमगलं. हात कुठे लपवावेत कळेना.

तिनं या वेळी फोन पालथा ठेवला नाही. शेवटपर्यंत ऐकलं, मग बंद केला.

"चांगलं झालं, ममा. पुष्कळ जणींच्या आया अजून थांबल्यात."

ती घानाला गेली ती पुढच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, आईला पोचवल्याला वर्ष झालं तेव्हा. तोवर माझं परतीचं तिकीट तिसऱ्यांदा पुढे गेलं होतं आणि मी त्याच अंगणात, त्याच खुर्चीवर होते. टॅक्सी यायच्या आधी ती कुंपणाशी आली. आता दोघींनी लस घेतली होती, मागे सरायचं कारण नव्हतं. तिनं उजव्या हातानं माझा हात धरला.

"ममा, पंतप्रधानांना काही निरोप?"

"सांग," मी म्हटलं, "म्हातारी अजून उत्तराची वाट बघतेय."