दाईच्या फायलीवरची एक ओळ

समाजकल्याण खात्यातल्या माझ्या नोकरीचं लोक अजून कौतुक करतात, आणि मला त्याची चीड येते. निरोप समारंभात माझ्या बारकाईच्या टिपणांचा खास उल्लेख झाला होता. त्यातलं एक टिपण सांगतो.

मध्यभारत राज्याचे शेवटचे महिने होते. आमचं ऑफिस शहरातल्या फ्रीगंज भागात. रामघाटापलीकडे, नदीपार एक वस्ती होती. श्रावणात पूल पाण्याखाली गेला की तिथल्या अडलेल्या बाईला ना दवाखाना, ना डॉक्टर. होती ती एक पन्नाशीची विधवा दाई. तिला शहरात सहा महिने शिकवायचं, पगार द्यायचा आणि वस्तीतच बाळंतपणाची एक खोली बांधायची, ही योजना माझीच. तिच्यासाठी मी साहेबांशी भांडलोही होतो.

आमच्या कचेरीत एक रीत होती. वरून कुणी शंका काढण्याआधी आपणच ती लिहून ठेवायची, म्हणजे उद्या बालंट आपल्यावर येत नाही. आम्ही मराठी कारकून मंडळी यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. साहेब प्रस्तावावर सही करायला बसले होते. तरी मी खाली एक ओळ जोडली होतीच: उमेदवार निरक्षर आहे, नियमात बसते किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. मला कुणीही विचारलं नव्हतं.

साहेबांनी ती ओळ वाचली, पेन खाली ठेवलं आणि फाईल खुलाशासाठी ग्वाल्हेरला धाडली. माझी पाठही थोपटली. खुलासा येण्याआधी राज्यच नव्या राज्यात विलीन झालं आणि फायली नव्या राजधानीत, भोपाळला गेल्या. मी स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवली. शेवटी उत्तर आलं की प्रकरण पूर्वीच्या राज्याचं आहे, प्रस्ताव नव्याने पाठवावा.

विलीनीकरणानंतरच्या पहिल्याच श्रावणात दाईची सून अडली. मूल आडवं होतं. शिकली असती तर दाईला ते आधीच कळलं असतं, पूल उघडा असताना तिने सुनेला अलीकडे आणलं असतं. दोन दिवस पूल पाण्याखाली होता. सून सासूच्या हातातच गेली, मूलही गेलं.

पाणी ओसरल्यावर दाई ऑफिसात आली. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. योजना कुठे अडली एवढंच तिला हवं होतं. मी भोपाळचं सांगितलं, ग्वाल्हेरचं सांगितलं, आणि मग ती ओळही सांगावी लागली.

ती शांतपणे म्हणाली, "बाबूजी, मैं पढ़ी-लिखी नहीं हूँ, ये तो आपको पहले दिन से मालूम था ना?"

मी मान खाली घालून म्हणालो, "नियम ही ऐसा है, बाई।"

ती गेली. तोवर मी तो नियम एकदाही वाचलेला नव्हता. त्या दुपारी कपाटातून पुस्तक काढून पहिल्यांदा वाचला. लिहिता-वाचता येण्याची अट त्यात कुठेच नव्हती.