काळ्या नांग्यांच्या कुर्ल्या

समुद्राकाठच्या आमच्या चोपड्यात शेजारी एक निवृत्त बसचालक राहतात. ते इतके हळू बोलतात की ऐकताना पुढे वाकावे लागते. आमच्याकडे आले की बाहेर सोप्यावर, म्हणजे ओसरीतच टेकतात. कितीही आग्रह केला तरी घरात येत नाहीत. ओहोटीला समुद्रावर गेले तर जे मिळेल त्यातले अर्धे मात्र आम्हाला देतात.

परवाच्या रविवारी त्यांनी खडकांतून पकडलेल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, दिल्या. पाठ लालसर गुळगुळीत, नांग्यांची टोके काळी. आईने नारळ घालून हुमण, म्हणजे कालवण, केले. आम्ही ताटे मांडत होतो, तोच ते चपलांसकट स्वयंपाकघरात शिरले आणि हुमणाचा टोप उचलून मोरीत उपडा केला.

"खाव नकात! माझे ओठ बधिर जाले!"

त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकले. घरी त्यातलीच एक कुर्ली खाऊन, डॉक्टरकडे जायचे सोडून, ते आमच्याकडे धावले होते.

मी त्यांना गाडीत घालून इस्पितळात नेले. जीभ जड झाली होती, तरी वाटभर विचारत होते, "कोणी खाल्लां नाय मां?" मी नाही म्हटले की पुन्हा तेच.

डॉक्टर म्हणाले, असल्या खडकातल्या खेकड्यांच्या अंगात खाण्यातून विष साठते आणि ते शिजवूनही जात नाही.

दुसऱ्या दिवशी धोका टळल्याचे त्यांना सांगितले, तेव्हा ते माझ्यामागे उभ्या असलेल्या आईकडे पाहू लागले.

"आणि तुमी?"

"आमी कोणीच तोंडाक लावलां नाय," आई म्हणाली.

तेव्हा कुठे ते हसले आणि कूस बदलून झोपले.