सावलीतले मासे

दाऊद इस्माईल होडेकर गेल्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी सकाळी, रत्नागिरीबाहेर कातळाच्या सड्यावरच्या आपल्या चिरेखाणीत मरण पावले. वेळ साडेसहा ते सातच्या दरम्यानची. डॉक्टरांनी हृदयक्रिया बंद पडल्याचे सांगितले. वय घरच्यांच्या हिशेबाने सदुसष्ट, जहाजाच्या कागदांवर एकाहत्तर. खरे कोणते असे विचारले तर ते म्हणत, "पगार घेताना एक, जिना चढताना एक."

बातमी मला पोस्टात कळली. मी मुंबईच्या वर्तमानपत्राला तार करत होतो. मांडवी बंदरावरचा एक खलाशी आत आला आणि म्हणाला, "दाऊदचाचा गेले. खाणीत." त्यावर मी पहिला प्रश्न केला तो असा, "झापं काढली का?"

प्रश्न शोभणारा नव्हता. पण चार महिने आमच्यात दुसरे बोलणेच झाले नव्हते.

चाचांनी तीस वर्षे आगबोटींच्या इंजिनखोलीत काढली. परत आल्यावर त्यांनी सड्यावरची एक बंद पडलेली चिरेखाण घेतली. खाली झरा होता, त्यामुळे वैशाखातही तिच्यात पुरुषभर पाणी राही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की मांडवीला दोन-अडीच महिने सुक्या मासळीवर काढावे लागतात. चाचांनी चारचौघांत सांगून टाकले की पुढच्या पावसात मांडवीच्या प्रत्येक चुलीवर ताजा मासा शिजेल, आणि तो त्यांच्या खाणीतला असेल. समुद्रकाठच्या लोकांना हे ऐकून हसू आले. "चाचा, तळ्यातल्या माशाला मीठ कोण लावणार? तुम्ही?" असे मशिदीच्या पायरीवर त्यांना रोज ऐकावे लागे. त्यांनी मनाला लावून घेतले. गेल्या भाद्रपदात ते कोल्हापुराहून रोहू आणि कटल्याची बोटभर पिल्ले पत्र्याच्या डब्यांतून घेऊन आले. आंबा घाट उतरून येईपर्यंत लॉरीच्या मागच्या बाजूला बसून ते एकेका डब्यातले पाणी हाताने खळबळत राहिले. तसे केले नाही तर पिल्ले गुदमरतात, हे त्यांना देणाऱ्याने बजावले होते. एकही पिल्लू मेले नाही.

माघात ऊन चढू लागले आणि चाचांनी खाणीवर बांबू टाकून माडाच्या विणलेल्या झावळ्यांची, म्हणजे झापांची, छपरी घातली. पाण्याचा हातभर तुकडाही उघडा ठेवला नाही. कारण साधे होते. किनाऱ्यावर जन्मलेला प्रत्येक माणूस लहानपणापासून एक गोष्ट पाहतो : मासा होडीतून उतरला की त्यावर ओले गोणपाट टाकायचे, तो सावलीत ठेवायचा, ऊन लागू द्यायचे नाही.

"चाचा, ते मेलेल्या माशाचं आहे," मी म्हणालो.

"मासा तो मासा. तू पेपरवाला, तुला पापलेट आणि परात यातला फरक कळत नाही."

चैत्रात मासे पहाटे पाण्यावर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. चाचा खूष झाले. "बघ, भूक लागली!" आणि त्यांनी कोंडा आणि पेंड दुप्पट केली. न खाल्लेली पेंड तळाशी कुजू लागली. मी मत्स्य खात्याच्या एका अधिकाऱ्यांना घेऊन गेलो. त्यांनी पाणी ओंजळीत घेऊन वास घेतला, छपरीकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले की पाण्यात हवा मिसळते ती वाऱ्याने आणि उन्हातल्या हिरव्या शेवाळाने. खाणीला आधीच चार बाजूंनी भिंती, त्यात तुम्ही दोन्ही बंद केलेत. झापे काढा, पेंड थांबवा, पहाटे उंचावरून पाणी ओता. चाचांनी त्यांना शहाळे पाजले, सलाम केला आणि दुसऱ्या दिवशी आणखी सहा झापे टाकली.

"विजेसाठी पोफळीला डोंगर पोखरतायत," ते मला म्हणाले. "वीज आली की पंप बसवतो. पाणी नाचवतो नुसतं."

"तोवर माशांनी श्वास रोखून धरायचा?"

मरियमचाची ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तू कशाला घसा सुकवतोस? यांना बंदरावरच्या दिव्यानं पण वाट दाखवलेली आवडत नाही."

मग ज्येष्ठात दोन दिवस आभाळ भरून राहिले. वारा पडला. गुरुवारी सकाळी नऊ मोठे मासे पोटे वर करून तरंगत होते आणि बाकीचे कडेला येऊन धापा टाकत होते. मी पोचलो तेव्हा चाचा काठावर उभे होते. माझा संयम संपला होता.

"घाटातून येताना डब्यातलं पाणी कशासाठी हलवत होता?"

"ती कोंडलेली होती म्हणून."

"आणि ही?"

त्यांनी छपरीकडे पाहिले. म्हणाले, "उद्या आठ वाजता चार माणसं बोलाव."

मी बोलावली. डॉक्टरांनी त्यांना खाणीच्या पायऱ्या चढण्या-उतरण्याची मनाई केली होती, तिचीही मी आठवण करून दिली. "मी काय आज जन्मलोय?" ते म्हणाले. ज्या माणसाने चार महिने कोणाचे ऐकले नाही, त्याला दीड तास धीर धरवला नाही. शुक्रवारी साडेसहाला ते एकटेच खाली उतरले. सातला चाची चहा घेऊन गेल्या तेव्हा चाचा तिसऱ्या पायरीवर बसलेले होते, भिंतीला टेकून. चौदा झापे काढून काठावर टाकलेली होती. पंधराव्याचे टोक हातात होते.

आठला ठरलेली चार माणसे आली. दफन जुम्म्याच्या नमाजानंतर होते. मधल्या वेळात त्यांनी उरलेली झापे काढली आणि मग अकरापर्यंत वरच्या कठड्यावरून डब्याडब्याने खाणीचेच पाणी खाणीत ओतले. त्या दिवशी आणखी तीन मासे मेले. त्यानंतर एकही नाही.

होड्या ओढल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी खाणीत जाळे टाकले. मांडवीत घरटी एक मासा गेला. उरलेले लहान होते. मरियमचाचींनी ते एकेक करून परत पाण्यात सोडले.