मंगळवारचं बीपी

गेली कित्येक वर्षं मी रत्नागिरीत नर्सिंगच्या मुलींना शिकवते आणि दरवर्षी एक तास खुल्या आणि बंद प्रश्नांवर घेते. 'गोळ्या घेता ना?' हा बंद प्रश्न, कारण त्यावर हो किंवा नाही एवढंच येतं. 'गोळ्या कशा घेता?' हा खुला. मुली वहीत दोन रकाने आखतात, पैकीच्या पैकी गुण मिळवतात आणि पेशंटसमोर गेल्या की विचारतात, "बरं आहे ना?" पेशंट हो म्हणतो. युनिफॉर्ममधल्या माणसाला नाही म्हणणं आपल्या लोकांना जड जातं. माझं डोकं फिरतं.

मागच्या वर्षी दर मंगळवारी आम्ही आरे-वारेच्या रस्त्यावरच्या एका वाडीत घरभेटीला जायचो. तिथे एक आजी एकट्या राहायच्या, मुलगा बोटीवर. त्यांचं बीपी काही केल्या खाली येईना. "गोळ्या रोज घेता ना?" मी दर खेपेला विचारायची. हो, हो, म्हणत त्या आम्हाला कोकम सरबत द्यायच्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, पुढच्या भेटीनंतर डोस वाढवू. मला धास्तीच बसली. आजींना अधूनमधून चक्कर यायची, आणि जास्त औषधानं त्या विहिरीवर तोल जाऊन पडल्या तर बघायला घरात कोण होतं?

पुढच्या मंगळवारी माझ्याबरोबर राजापूरच्या आतल्या गावातली एक विद्यार्थिनी होती. वर्गात तोंड म्हणून उघडायची नाही. 'मौनव्रत' म्हणून मी तिला चिडवायची. बीपीचा पट्टा सोडता सोडता तिनं विचारलं, "आजी, काल सकाळपासून काय काय केलंत?"

आणि गप्प बसली. माझ्या जिभेवर चार प्रश्न आले होते, ते मी कसेबसे गिळले.

"काल सोमवार गो बाय," आजी रंगात आल्या. "फुलं काढली, पूजा केली. दुपारी दोन केळी खाल्ली."

"आणि गोळी?"

"जेवलीच नाय तर गोळी कशी घेऊ? तुझ्या म्याडमनीच सांगितलानी ना, जेवल्याबिगर घ्यायची नाय म्हणून!"

सोमवार, गुरुवार, शनिवार. वर एकादशी आणि चतुर्थी. निम्मा आठवडा औषध पोटात जातच नव्हतं, आणि तेही माझ्याच शब्दाला जागून. जेवणाच्या दिवशी त्यांची गोळी एकदाही चुकली नव्हती. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. उपवासालाही गोळी घ्यायची, एवढंच सांगितलं. महिन्याभरात आकडा खाली आला.

त्या वर्षी नव्या मुलींचा खुल्या प्रश्नांचा तास मी तिला घ्यायला लावला आणि स्वतः मागच्या बाकावर बसले. हळू आवाजात तिनं सगळी हकिकत सांगितली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, गोळी सुरू केली तेव्हा तुम्ही आजींना काय सांगितलं होतं?"

सगळ्या माना मागे वळल्या. हो-नाही म्हणून सुटायची सोय नव्हती. मी उभी राहिले आणि माझी चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण अभिमानानं ऊर भरून आला होता. असा प्रश्न विचारायला तिला मीच शिकवलं होतं.