डाव्या टोकाचं ताट

शिनोलीत आमच्या भावकीत पंगत असली की मासवड्या वाढायला मला बोलावतात. माझा हात सढळ आहे आणि कुणी "बास" म्हटलं तर मला ऐकू येत नाही. पुतण्याच्या साखरपुड्यातही मीच वाढत होते. ओळीच्या डाव्या टोकाला माझा चुलत दीर बसला होता. त्याच्या शेजाऱ्यापर्यंत वाढून मी माघारी वळले. मासवडीच्या वेळी तेच, रस्स्याच्या वेळीही तेच. शेवटी तो रिकाम्या ताटावरून उठून गेला. बांधावरून आमच्या दोन घरांत आधीच धुसफूस होती, त्यामुळे मी त्याला मुद्दाम टाळलं असंच सगळ्यांनी धरलं. मला तर तो पंगतीत बसलेला दिसलाच नव्हता, पण हे कोण मानणार?

त्याच आठवड्यात त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, भांडायला आली. मी टीव्ही लावून लसूण सोलत बसले होते. ती डावीकडच्या दारातून आत आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मी काय बोलते याची वाट बघू लागली. मी आपली सोलतेच आहे.

"आक्का, मी मघाधरनं हितं हुबी हाय. दिसत न्हाई का तुमाला?"

मी एवढी दचकले की मांडीवरचं सूप उपडं होऊन लसूण सांडला. तिचं भांडण तोंडातच राहिलं. तिने माझा उजवा डोळा तळव्याने झाकला आणि दुसरा हात माझ्यापुढे हलवला. मला धुरकट उजेडाखेरीज काही दिसेना.

तशा खुणा आधीही होत्या. दाराची चौकट सारखी डाव्या खांद्याला लागायची आणि मी चौकटीलाच शिव्या द्यायचे. वाचायला अडलं की घोडेगावच्या बाजारातून चष्मा बदलून आणायचे. डोळा दुखला असता तर डॉक्टरकडे गेले असते, पण दुखत काहीच नव्हतं.

मंचरला डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊच मला एसटीने घेऊन गेली. तिथे यंत्रावर हनुवटी टेकवून बसवलं. दिवा दिसला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी दिवाच लागेना. मी वैतागून तपासणाऱ्या मुलीला म्हटलं, "अगं, मशीन बंद पडलंय तुझं."

"काकू, दिवे लागतायत," ती हळूच म्हणाली.

तेव्हा मात्र मी घाबरले. जावेचा हात धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस सुकत जाते आणि नजर कडेकडेने जाते. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, पण रोज थेंब टाकले तर उरलेली राखता येईल. भावंडांनाही तपासून घ्या म्हणाल्या. ओतूरच्या भावाला मी फोनवर दटावून पाठवलं. त्याचाही दाब वाढलेला निघाला, पण नजर सगळी शाबूत. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली.

थेंब टाकणं मला काही जमेना, तो गालावरच ओघळायचा. आता संध्याकाळी जाऊ येते, खालची पापणी ओढून थेंब टाकते आणि नाकाजवळचा कोपरा दाबून धरायला लावते. तोवर बांधाचा विषय निघतोच. तो अजून मिटलेला नाही, पण डोळे मिटून बसलं की माणसाला फार जोरात भांडता येत नाही.

परवा तिच्या नातवाचं जावळ होतं. मी वाढणार नाही म्हणाले. पुन्हा कुणाचं ताट राहिलं तर? दिराने मासवड्यांची परात माझ्या हातात दिली आणि जाऊन बसला तो थेट डाव्या टोकाला.

"भावजी, उजवीकडं बसा की," मी म्हटलं.

"न्हाई वैनी, मी हितंच बसनार. तिकडं बसलो तर तुमी मान वळवायची इसराल."

मी ओळ वाढत गेले. टोकाला आल्यावर मान पुरती डावीकडे वळवली. तो होता, ताट पुढे सरकवून बसलेला. मी वाढत राहिले, तो "बास, बास" म्हणत राहिला. मला काही ऐकू आलं नाही.