चाचांच्या फोनमधलं नाव

"आधी हातात घेऊ द्या," असं म्हणून चाचा तळहात पुढं करायचे. मूठभर तूर असो, कुणाचा नवा चष्मा असो, नाहीतर लग्नाची पत्रिका. डोळे बारीक करून वस्तू तोलायची आणि मगच मत द्यायचं.

भूमच्या मोंढ्यात त्यांनी आयुष्यभर हराशी पुकारली. धान्याच्या ढिगाभोवती व्यापाऱ्यांचा घोळका आणि मधे उभे राहून भाव चढवत नेणारे चाचा. भोंगा त्यांनी कधी वापरला नाही. माझं दुकान त्याच रस्त्यावर. रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती मी तिथं रेकॉर्ड करतो. चाचांची हराशी सुरू झाली की माझं काम बंद. दार लावूनही उपयोग नसायचा. असा एखादा आवाज तुमच्याही गावात असेल, त्यावरून वेळ कळते.

एके दिवशी ते दुकानात आले आणि हळू बोलले. मी रेकॉर्डिंग थांबवून स्टूल पुढं केलं.

"गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात, आवाजाची पेटीच काढावी लागंल. तीन आठवडे हायत. घरी बसून आवाज भरून ठेवायचाय. मशीन सांगा."

"इथंच या की चाचा. सगळं तयार आहे."

"इथं मला घरातलं बोलणं यायचं न्हाय."

चाचींना वाचता येत नव्हतं, त्यामुळं पाटीवर लिहून भागणार नव्हतं. चुलीकडं तोंड करून बसलेल्या बाईला हातवारेही दिसणार नव्हते. रोज लागणारी वाक्यं फोनमध्ये ठेवायची आणि बटण दाबून वाजवायची, असा चाचांचा बेत होता. फोनवरच रेकॉर्ड करून त्यांनी पाहिलंही होतं. पण ते ऐकून चाची म्हणाल्या, "ये तुम नहीं."

"खरंय तिचं," चाचा म्हणाले. "म्या ओरडलो काय अन् कुजबुजलो काय, फोन सगळं सारखंच करून टाकतो."

मग मी त्यांना ऑडिओ इंटरफेस सांगितला. माईक आणि कॉम्प्युटरच्या मधे बसणारी एक डबी. आवाज किती उचलायचा ते तिच्या बटणावर आपण ठरवायचं. मोबाईलवर फोटोही दाखवले.

"फोटोत भिजलेली तूर बी चांगलीच दिसती," म्हणाले. झालं, दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं सोलापूर गाठलं.

दुकानदारानं चार डब्या मांडल्या आणि सगळ्यांत जास्त भोकांची पुढं सरकवली. चाचांनी ती परत केली. "इतकी तोंडं कशाला? बोलणारा म्या एकटा." दुसरीचं बटण सैल फिरत होतं. तिसरी लहान, वजनदार, एकाच माईकची. चाचांनी हेडफोन कानाला लावला, बटण फिरवलं आणि माईकमध्ये अगदी हळू म्हणाले, "सुनती क्या?"

मग डोळे मिटून तेच पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

"हीच द्या," शेवटी म्हणाले. "हिच्यात हळू बोललं की हळूच ऐकू येतं."

दुकानातला माईक आणि लॅपटॉप मी चाचांच्या घरी नेला. आम्ही पंखा बंद केला, खिडकीला वाकळ लावली. चाचा एकेक वाक्य बोलू लागले. खाना खाई क्या. नमक कम है. दार कोण वाजवतंय बघ. आतून चाची ओरडल्या, "गालियाँ भी भर लो, नहीं तो घर सूना लगेगा!" चाचांनी त्याही भरल्या, अगदी मनापासून.

एकच वाक्य अडलं. "घबराना नको" म्हणताना तीनदा आवाज फुटला. चाची हात पुसत बाहेर आल्या, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मेरे को देखके बोलो." चौथ्यांदा नीट आलं.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर चाचांनी पहिल्यांदा फोनवरचं बटण दाबलं, "चाय रख." आतून चाची सवयीनं "रखती" म्हणाल्या. मग बाहेर आल्या आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. भांडणंसुद्धा पुढं त्या फोनवरच व्हायची.

वर्षभरानं त्यांच्या मुलीला मुलगी झाली. नाव ठेवलं हिना. चाचा माझ्या दुकानात आले आणि कागदावर लिहिलं, 'हिचं नाव माझ्याकडं न्हाय.'

आम्ही दोन दिवस त्यांची सगळी रेकॉर्डिंग चाळली. माईकच्या चाचणीसाठी त्यांनी हराशीची एक ओळ पुकारली होती, "ही तूर बघा!" तिच्यातला 'ही' मी कापून घेतला. 'ना' मिळाला चाचींना म्हटलेल्या "बैठ ना" मधून. दोन्ही जोडून वाजवलं. पहिलं अक्षर भर मोंढ्यातलं, दुसरं माजघरातलं.

"जोड कळतोय चाचा. 'ही' जरा कमी करू?"

त्यांनी माझा हात माऊसवरून बाजूला केला. पुन्हा वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग फोन खिशात घालून तसेच नातीकडं निघून गेले.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले.

परवा त्यांची मुलगी दुकानात आली होती, सोबत तीन वर्षांची पोर. काउंटरच्या कडेला हनुवटी टेकवून ती माझ्याकडं बघत होती. मी विचारलं, "नाव काय गं तुझं?"

तिनं छाती भरून श्वास घेतला. "ही" अशी ओरडली की रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं. आणि मग "ना" इतकं हळू म्हणाली, की ते ऐकायला मला वाकावं लागलं.