काळ्या मातीत लावलेली ऑर्किडं

मी माझ्या सुनेची ऑर्किडं मारली.
लोक पाणी तोडून झाड मारतात. मी खाऊ-पिऊ घालून मारली.

अर्चनाला जाऊन आज वर्ष झालं.

आमच्या आष्टीत माणसं टँकरची वाट बघतात, आणि ही बाई पडवीत पोत्यांचे ओले पडदे लावून ऑर्किड वाढवायची. फुटक्या माठात कोळसा, नारळाच्या शेंड्या, वर झाड. मातीचा कण नाही.

मी टोमणा मारायचे, "झाड हाय का भुताटकी? मातीबिगर कोण जगतं गं?"
"आत्या, यांच्या मुळ्या उघड्याच लागत्यात. मातीत गुदमरत्यात."
"तुझ्या माहेरी माती न्हाई वाटतं!"

मग तिच्या फुप्फुसाचं दुखणं निघालं. नगरला ॲडमिट केलं. जाताना एवढंच म्हणाली, "आठवड्यातून दोनदा फवारा मारा. दुसरं काई करू नका."

मला करमेना. पोर तिकडं झुंजतेय आणि मी नुसती बसून.
रानातली चांगली काळी माती आणली. जुनं शेणखत चाळून घातलं. अकराच्या अकरा झाडं दाबून लावली. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी.
बाळंतिणीचं करावं तसं केलं.

पंधरा दिवसांत पानं पिवळी.

ती व्हिडिओ कॉलवर रोज म्हणायची, "आत्या, झाडं दाखवा ना."
"पडवीत रेंज न्हाई गं पोरी."
जुने फोटो पाठवत राहिले. ती त्यांना हार्ट टाकत राहिली.

शेवटी माझा गणेश म्हणाला, "आई, लई मागं लागलीय. दाखव एकदा."

दाखवलं. नाकात ऑक्सिजनची नळी, बघतच राहिली. वाटलं, आता रडते.
"काळ्या मातीत लावली व्हय?"
"व्हय गं. चुकले."
"शेणखत बी घातलं?"
"घातलं."
हसायला लागली. खोकल्याची उबळ आली तरी हसतेय. "आत्या, ऑर्किड हायती, ऊस न्हाई!"

मग फोन चालू ठेवूनच सांगत गेली. उपसा. सडलेलं कापा. हिरवी मुळी दिसली तर कोळशावर बांधा.
दहा फेकली. एक बांधलं.
"एक बास हाय," म्हणाली. "मी आल्यावर बघू."

चौथ्या दिवशी आली. ॲम्ब्युलन्समधून, झाकलेली.

वर्षभर ते एक झाड तिनं सांगितलं तसंच सांभाळलं. आता एकच पान राहिलंय. कालपासून तेही देठाशी मऊ पडतंय. नर्सरीवाला म्हणतो, "मावशी, नवं घेऊन जा."
नवं घेऊन काय करू? त्याला तिचा हात कुठं लागलाय?

गणेश म्हणतो, सोड आई आता.
मला सोडता येत नाही.

पोरी, माझ्याच्यानं होईल तेवढं केलं गं. पुढचं तू सांगितलंच नाहीस.

तुम्ही सगळे खाली श्रद्धांजली लिहाल. ती मागून लिहा.
यातलं कुणाला कळत असेल त्यानं आधी सांगा, पान देठाशी कापू का राहू देऊ?